सातव्या दारावरचा गोल

"हा गोल आमच्याच दारावर का ओ, बाई?"

खडू अजून माझ्या हातातच होता. विचारणारा माणूस उंबऱ्यात उभा होता. कमरेला लुंगी, बोटांची टोकं चांदीच्या कामानं काळी पडलेली.

"तुमचा नंबर सातवा आला म्हणून," मी म्हणाले.

"शेजारी आक्काचं दार. तिला न्हाई काढला."

"दर सातव्या दाराला गोल काढतो आम्ही, काका. चिठ्ठी टाकल्यासारखं आहे ते. मुद्दाम कुणाला निवडत नाही."

"चिठ्ठी टाकली कुणी?"

"आम्हीच."

"म्हंजे तुम्हीच निवडलं की!"

मी हसले. तो हसला नाही. त्यानं अंगठा ओला केला आणि माझ्यासमोर तो गोल पुसून टाकला. मी म्हटलं, "अहो, पुसू नका." तो आत गेला आणि दार लावलं. मी परत गोल काढला. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की एकशे एकोणिसाव्या दाराचा गोल गेला तर यादी बिघडेल.

निंबूर हे पैंजणांचं गाव, कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर. तिथं घरटी काही ना काही काम चालायचं. कुणी तार काढायचं, कुणी कड्या जोडायचं, कुणी झाळ देऊन सांधे पक्के करायचं. आम्ही पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून गेलो होतो, मी आणि मच्छिंद्र जाधव. एका ठिकाणी किती माणसं काम करतात, एक, चार की चाळीस, आणि अशी लहान-मोठी ठिकाणं एकूण कोणत्या प्रमाणात आहेत, एवढंच शोधायचं होतं. सरकारी नोंदीत निंबूरचे एक्केचाळीस कारखाने होते. सगळे पाटी लावलेले आणि फोन उचलणारे.

"पाट्या मोजून अर्थशास्त्र लिहिलं, तर या देशात लहान कारखाना उरलेलाच नाही असं वाटेल," आमचे प्रभुदेसाई सर म्हणायचे. "पाटी नसलेली दारं मोजा. आणि सोपं दार शोधू नका. निवडलेलं दार बंद असलं तर तीनदा जा, पण शेजारचं उघडं आहे म्हणून तिथं शिरू नका. शिरलात की संपलं."

म्हणून पहिले दोन दिवस आम्ही गावातल्या प्रत्येक काम चालणाऱ्या दारावर खडूनं नंबर टाकले आणि विचारत गेलो, "इथं किती जण काम करतात?" तीनशे बारा दारं निघाली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या दिवशी, दर सातव्या दाराला गोल काढायचा होता. गोल असलेल्या घरांत नंतर सविस्तर माहिती घ्यायची होती.

मच्छिंद्र आदल्या दिवशी म्हणाला होता, "मॅडम, नंबर टाकले तेवढे पुरे. गोल कागदावरच करू या. दारावर नको."

"का?"

"परक्या माणसानं दारावर खूण करायची नसते. आमचे आजोबा गावोगाव फिरून जात्यांना छिन्नीनं टाकी लावायचे. कुठलं घर झालं, कुठलं राहिलं, म्हणून फुली मारून ठेवायचे. एका गावात रात्री चोरी झाली आणि सकाळी आजोबांना झाडाला बांधलं. पुढं ते कधी ताठ चालले नाहीत."

तो हे अगदी सहज बोलला, चहाचा कप धुता धुता. चोवीस वर्षांचा होता. घरात पहिला एम. ए., चष्मा, दाढी, खांद्याला झोळीसारखी पिशवी. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आणि या कामाची प्रमुख.

"मच्छिंद्र, तो काळ गेला," मी म्हणाले. "पुस्तिकेत लिहिलंय, खूण दारावरच करायची. उद्या घर चुकलं तर सरांना काय सांगणार?"

तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

त्यानं खालची गल्ली घेतली, मी वरची.

तेव्हा माझी सानू आठ महिन्यांची होती. कोल्हापुरात माझ्या मामीकडे तिला ठेवून मी रोज सकाळी निंबूरला यायचे आणि सव्वातीनच्या एसटीनं परत जायचे. अडीच वाजले की छाती दगडासारखी व्हायची. नंबर टाकताना, प्रश्न विचारताना, अर्धं मन त्या एसटीकडे लागलेलं असायचं. मामी सांगायची, तीन वाजल्यापासून पोरगी दाराकडे बघत बसते. आठ महिन्यांच्या बाळाला घड्याळ कुठलं कळायला! पण मला ते खरं वाटायचं.

त्या दिवशी अडीचच्या सुमाराला गल्ली नेहमीपेक्षा रिकामी वाटली. भट्ट्यांचा आवाज नव्हता. दोन दारं मी ठोठावली, तर आतून कुणीतरी फक्त खिडकी लावून घेतली. ग्रामपंचायतीच्या बाजूनं माणसांचा गलका येत होता. मला वाटलं, सभा असेल. मोबाइलवर एक मेसेज दोन दिवस त्या भागात फिरत होता. पोरं पळवणारी टोळी आली आहे, सोबत एक बाई असते, आधी दारांवर खुणा करून जातात. हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. मच्छिंद्रला दुपारीच कळलं होतं.

एका पायरीवर वर्ष-सव्वा वर्षाचं एक पोर एकटंच बसून रडत होतं. नाक वाहत होतं, एका पायात वाळा होता, दुसरा मोकळा. आसपास कुणी नव्हतं. त्याचं रडणं ऐकलं आणि मला पान्हा फुटला. आईच्या अंगाला कुणाचं पोर कुणाचं हे कळत नाही. मी वही पिशवीत टाकली, त्याला उचललं, खांद्यावर घेतलं आणि नेहमीच्या सवयीनं चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे फिरायला लागले.

"गप बाळा, गप. आई कुठंय?"

आई परसातून आली. तिच्या हातात ओला पिळा होता. तिनं आधी मला पाहिलं, मग रिकाम्या पायरीकडे, मग शेजारच्या दारावरचा गोल. पिळा खाली पडला.

"धावाऽऽ! माझं पोर घेऊन चालली! टोळीतली बाईऽऽ!"

"अहो ताई, नाही, ते रडत होतं म्हणून..."

पुढचं मला सलग आठवत नाही. पोर माझ्या हातातून ओढून घेतलं गेलं. कुणीतरी वेणी धरली. पिशवी तुटली आणि सगळे फॉर्म रस्त्यावर सांडले. एक पोरगेला माणूस ओरडत होता, "खडू बघा हिच्या हातात! खडू बघा!" दहा-बारा जण जमले असतील, पण आवाज शंभरांचा होता. मी "मी सर्व्हेवाली आहे" म्हणत होते. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात एक म्हातारी कोपरांनी वाट काढत आत शिरली. बुटकी, जाड चष्मा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती आक्का. एकशे अठरा नंबरचं दार तिचं. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "इथं किती जण काम करतात?" तेव्हा ती म्हणाली होती, "मी एकटी. दुसरं कोण असणार, बाय?" आणि मी वहीत एक लिहिला होता.

आक्कानं माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि वेणी धरलेल्या हातावर सणसणीत चापट मारली.

"सोड! डोळं फुटलं व्हय रं तुझं? पोलकं बघ तिचं!"

सगळ्यांनी पाहिलं. माझा ब्लाऊज पुढून ओलाचिंब झाला होता.

"हिचं दूध वाहतंय. घरात पोर तान्हं हाय हिच्या. ही दुसऱ्याचं पोर न्यायला येती व्हय? आँ? भाड्यानं पाजायला?"

कुणीतरी मागं हसलं. त्या एका हसण्यानं मी वाचले. हात सैल झाले. आक्कानं मला दंडाला धरून ओढलं, स्वतःच्या दारातून आत ढकललं आणि आपण पायरीवर उभी राहिली. तिचा आवाज बाहेरून येत राहिला. दार लागलं.

मी दाराला पाठ टेकून खाली बसले. आत अंधार वाटला होता, पण तो डोळ्यांचा अंधार होता. नजर बसली तेव्हा दिसलं, समोर लांबलचक सोपा होता, वरच्या काचेतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात दोन ओळींत बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर लाकडी पाट, हातात चिमटा. पाटावर चांदीच्या कड्यांचे ढीग. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. हात मात्र कुणाचा थांबला नव्हता. कडी उचल, अडकव, दाब. कडी उचल, अडकव, दाब. मधेच एका झोळीत एक बाळ झोपलं होतं.

मी मोजायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. भीतीनं डोक्यात दुसरं काही उभंच राहत नव्हतं. एका ओळीत बारा. दुसऱ्या ओळीत अकरा. परत मोजल्या. बारा आणि अकरा.

"पाणी पी गं," त्यातली एक म्हणाली. कुणी तांब्या पुढं सरकवला.

बाहेरचा गलका आता दाराशी नव्हता. खालच्या गल्लीकडे सरकला होता. मग परत वर आला, दारावरून पंचायतीकडे गेला आणि एकदम वाढला. काहीतरी आपटल्याचा आवाज आला, पत्र्यावर आपटावं तसा.

आक्का परसदारानं आत आली. धापा टाकत होती.

"तुझ्यासंगट आलेला तो दाढीवाला कोण गं?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"धरलाय त्याला. पंचायतीम्होरं. नाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करत्यात ते विचारलं. त्यानं समदं खरंखुरं सांगितलं, येडं कुठलं! आता म्हणत्यात, खुणा ह्यानंच शिकवल्या बाईला. पोलिसांना फोन केलाय, पर ते येईस्तोवर काय ऱ्हाईल त्याचं? तुझा कोण तो?"

मी तांब्या जवळ ओढला.

"अगं, कोण लागतो तुझा? मी जाऊन काय सांगू गावाला?"

सहकारी म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, टोळीच आहे, एक बाई, एक बाप्या. ओळखत नाही म्हटलं असतं तर... ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं का सांगू? अगदी टोकावर आलं होतं. लांबून एसटीचा हॉर्न वाजला. सव्वातीन झाले होते. सानू दाराकडे बघत बसली असेल, एवढंच मला सुचलं. मी इथून उठून परसदारानं थांब्यावर गेले तर गाडी मिळेल, हेही सुचलं.

"तिला काय इचारतीस, आक्का," कोपऱ्यातली एक म्हातारी कामावरून नजर न उचलता म्हणाली. तिचे दोन्ही गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. "ती भ्यालीय."

"मग मी काय भ्याले न्हाई व्हय, पारूबाई?" आक्का तिच्यावर खेकसली. "एवढ्या बाया हितं बसत्यात हे चांदी देणाऱ्या शेठला कळलं की उद्या चांदी यायची बंद. दहाच्या वर माणूस दिसलं की म्हणत्यात कारखाना. मग साहेब येणार, परवाना मागणार. माझी एकटीची चूल न्हाई जळत ह्याच्यावर. तरी मी इचारतोय न्हवं? बोल गं पोरी. कोण तुझा?"

एसटी परत एकदा वाजली. मग गेली. तिचा आवाज पुलापर्यंत ऐकू आला.

"भाऊ," मी म्हणाले.

आक्कानं चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्या दिवशी आम्हा दोघांच्या गळ्यातली ओळखपत्रं तिनं हातात घेऊन अक्षर न अक्षर वाचली होती.

"सख्खा?"

"सख्खा."

"बरं. भाऊ तर भाऊ." तिनं टाळी वाजवली. "उठा गं. पाट ठेवा खाली. समद्या उठा."

"समद्या?" एकजण म्हणाली. "शेठ तिथं उभा आसंल."

"आसू दे. दोघी-चौघींचं कोण ऐकतंय?"

बायका उठल्या. झोळीतलं बाळ एकीनं काखेत घेतलं. फक्त पारूबाई बसून राहिली, तिला उठवत नव्हतं. आक्कानं दार उघडलं आणि सगळ्या गल्लीत उतरल्या. मी त्यांच्या मधोमध होते. माझ्या आजूबाजूला पदर, कोपरं, घामाचा आणि झाळीचा वास. मला पुढचं काही दिसत नव्हतं, आणि ते मला बरं वाटत होतं.

पंचायतीसमोर झेंड्याच्या कट्ट्याला मच्छिंद्र टेकवून बसवला होता. म्हणजे बसवला म्हणायचं. तो एका कुशीवर कलला होता. चष्मा नव्हता. डाव्या कानातून रक्त मानेवर आलं होतं आणि उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता. कपाळावर कुणीतरी खडूनं गोल काढला होता.

आक्का थांबली नाही. सरळ आत शिरली. बायका तिच्यामागून शिरल्या आणि त्याच्याभोवती कडं केलं. पुरुष आपोआप मागं सरले. त्यात कुणाची बायको होती, कुणाची चुलती, कुणाची सून.

"आक्का, तू मधी पडू नको," एकजण म्हणाला.

"मधी न्हाई, म्होरं पडलोय. ही बहीण, हा भाऊ. पोटासाठी मोजणी करायला आल्यात. हिच्या लेकराची दुधाची वेळ टळली तुमच्यापायी."

"भाऊ-बहीण कशानं? ही टिपणीस, त्यो जाधव. पट्ट्यावर लिवलंय की."

"तुझी बहीण लगीन झाल्यावर कुठलं नाव लावती रं, बाळू? तुझंच लावती व्हय?"

मागून एक सफारी घातलेला माणूस पुढं आला. तो शेठ. त्यानं मच्छिंद्रकडे पाहिलंच नाही. त्याची नजर बायकांवरून फिरत होती, आणि त्याचे ओठ हलत होते.

"आक्का, ह्या एवढ्या बायका कुठनं आल्या?"

"माझ्या घरातनं."

"एवढ्या? तुझ्या घरात?"

"व्हय. मोज की नीट. एखादी चुकंल."

पोराची ती आई गर्दीच्या कडेला उभी होती, पोर काखेत. ती रडायला लागली. का, ते तिलाच ठाऊक. तेवढ्यात कुणीतरी टेम्पो आणला. बायकांनीच मच्छिंद्रला उचलून वर घातलं. आक्कानं आपल्या पदरानं त्याच्या कपाळावरचा गोल पुसला आणि मला म्हणाली, "कागदावर माझं एकच राहू दे हां, बाय. हितं काय व्हायचं ते होईल. सरकारदरबारी नको."

पुढं शेठनं तिचं काम तोडलं, असं कानावर आलं. खरं-खोटं मी विचारायला गेले नाही. निंबूरला मी परत कधीच गेले नाही.

त्या संध्याकाळी मामीच्या घरी सानू छातीला लागली ती सोडेचना. तिची इवली बोटं माझ्या मंगळसूत्रात अडकली होती आणि मी तशीच तासभर भिंतीला टेकून बसले. दूध येत होतं. मला रडू येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. मच्छिंद्रच्या डाव्या कानाचा पडदा गेला होता. उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती, हात प्लास्टरमध्ये. गावकऱ्यांनी आमच्या वह्या, फॉर्म गोळा करून पोलिसांत दिले होते, ते तिथून मिळाले होते. चिखलाचे, काहींवर पावलांचे ठसे.

"या, ताई," तो म्हणाला. त्याआधी तो मला मॅडम म्हणायचा.

"आता सांगतो, त्या दिवशी मी खरंच मेलो होतो. तुम्ही लगेच आक्काला घेऊन धावलात म्हणून वाचलो. पाच मिनिटं उशीर झाला असता ना..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "आई म्हणते, ही पाठची नाही, पाठीशी उभी राहिलेली बहीण."

मी वही चाळत होते.

"एकशे अठराचा आकडा काढा बरं," तो म्हणाला. "आक्काचा."

"तिनं एकच ठेवायला सांगितलंय."

"ठेवा. तिचं दार सातवं नव्हतंच, तिला कोण विचारायला जाणार आहे? पण आपल्याला तरी खरं माहीत पाहिजे. मी खाली पडल्या पडल्या मोजल्या. चष्मा नव्हता, पाय तेवढे दिसत होते. तुम्हाला आणि आक्काला सोडून बावीस जोड्या पाय."

"तेवीस," मी म्हणाले. "एक उठली नाही. गुडघे सुजले होते तिचे. आतच बसून राहिली."

तो हसला. "कमाल आहे तुमची! अशा वेळीसुद्धा मोजल्यात?" मग हसू हळूहळू ओसरलं. त्यानं उजवा कान माझ्याकडे केला, तेवढाच आता चालत होता. "बसून होत्या त्या सगळ्या? तुम्ही गेलात तेव्हा कामावर होत्या?"

"हो."

"किती वेळ होतात तुम्ही तिथं?"

बाजूच्या खाटेवरच्या माणसाला कुणीतरी सफरचंद चिरून देत होतं. मी सुरीचा आवाज ऐकत राहिले.

"मी दोनदा हाक मारली होती," तो म्हणाला. "मला नेताना आक्काच्या दारावरूनच नेलं. तुमचं नाव घेऊन ओरडलो. दार बंद होतं."

"हो."

"बाहेरनं लावलं होतं का त्यांनी?"

"हो," मी म्हणाले. "बाहेरनं लावलं होतं."

"तरीच," तो म्हणाला आणि उशीवर मागं टेकला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सगळा गेला. मला अजून तो चेहरा दिसतो. "तरीच. मला वाटलंच."

सानू आता दहावीला आहे. मच्छिंद्र दर राखीपौर्णिमेला येतो, बायको-मुलांना घेऊन. उजवा हात पुढं करतो. त्यातली तीन बोटं नीट वळत नाहीत, म्हणून मनगट मीच धरून ठेवते आणि गाठ मारते. सानूसाठी तो दर वर्षी काहीतरी आणतो आणि तिला सांगतो, "तुझ्या आईनं मला वाचवलंय, बरं का."

कडी आतून होती. त्याची पहिली हाक आली, तेव्हा ती मीच लावली.